पगार नाकारणारा प्रचारक

भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे निघाले की मुर्धे, राई, मोर्वा ही गावे मागे पडतात आणि डोंगरीपासून क्रूस दिसू लागतात. इथला ख्रिस्ती धर्म पोर्तुगीज काळातला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगीज सत्ता गेली, पण साष्टी बेटावरच्या ख्रिस्ती वस्त्या राहिल्या. पुढे एकोणिसाव्या शतकात मुंबई आणि साष्टीतल्या कॅथलिकांमध्ये मोठा वाद पेटला. पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयाने चालणाऱ्या गोव्याच्या आर्चबिशपांचे ऐकायचे, की रोमने थेट नेमलेल्या धर्माधिकाऱ्यांचे? देव तोच, प्रार्थना त्याच, तरी हुकूम कोणाचा मानायचा यावरून दोन तट पडले. १८८६ मध्ये पोपने पोर्तुगालशी करार करून साष्टीतल्या अनेक चर्चसाठी दमणचे वेगळे धर्मक्षेत्र ठेवले. ही दुहेरी व्यवस्था १९२८ पर्यंत चालली.

सामान्य भाविकाच्या आयुष्यात असा वाद क्वचित येतो. प्रचारकाच्या बाबतीत मात्र तो पहिल्या दिवसापासून दडलेला असतो. त्याला कोणीतरी पाठवलेले असते. तो बोलतो देवाच्या नावाने, पण त्याची बदली, त्याचा पगार, त्याने काय शिकवावे, हे सारे दूरचे एखादे मंडळ ठरवते. एक दिवस त्याला वाटू लागते की देव एक सांगतो आहे आणि मंडळ दुसरेच. अशा वेळी त्याने काय करावे? महाराष्ट्रात या प्रश्नाला सर्वांत धीट उत्तर नारायण वामन टिळकांनी दिले. शाळेच्या पुस्तकांमुळे आपण त्यांना फुला-मुलांचे कवी म्हणून ओळखतो. त्यांच्या आयुष्याची अखेरची दोन वर्षे मात्र एका बंडाची आहेत. ते बंड नीट समजण्यासाठी आधी थोडे मागे जायला हवे आणि आपल्या मंडळाशी झगडलेले इतर काही प्रचारकही पाहायला हवेत.

मुंबईत आलेले मॉर्मन

जोसेफ स्मिथ यांनी ६ एप्रिल १८३० रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात मॉर्मन पंथाची स्थापना केली. स्मिथ यांची हत्या झाल्यावर ब्रिगहॅम यंग यांनी १८४७ मध्ये अनुयायांना युटाच्या वाळवंटी मुलखात नेले आणि सॉल्ट लेक सिटी वसवली. या पंथाचे प्रचारक बिनपगारी असत. घरदार मागे ठेवून, मिळेल तिथे खाऊन-राहून ते देशोदेशी हिंडत.

१८५० मध्ये लॉरेन्झो स्नो हे वरिष्ठ प्रचारक इटलीत उतरले. त्यांच्यासोबत टी. बी. एच. स्टेनहाउस नावाचा तरुण स्कॉटिश प्रचारक होता. हिंदुस्थानाकडे माणसे पाठवण्याची योजनाही स्नो यांनीच आखली. त्यांनी विल्यम विलिस यांना कलकत्त्याला आणि ह्यू फिंडले यांना मुंबईला धाडले. १८५२ मध्ये फिंडले मुंबईत पोहोचले. इथल्या वर्तमानपत्रांनी आणि पाद्र्यांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. ते पुण्याला गेले, तर तिथल्या लष्करी अधिकाऱ्यांनी छावणीत त्यांच्या प्रचारावर बंधने घातली. त्याच वर्षी, २९ ऑगस्टला, सॉल्ट लेक सिटीत मॉर्मन नेत्यांनी बहुपत्नीत्वाची प्रथा जाहीरपणे मान्य केली. ती बातमी जगभर पसरली आणि सगळीकडच्या प्रचारकांची पंचाईत झाली. मुंबई-पुण्यात फिंडले यांना मोजकेच अनुयायी मिळाले. १८५५ मध्ये ते हिंदुस्थान सोडून गेले, पण पंथाशी त्यांनी कधी फारकत घेतली नाही.

स्टेनहाउस मात्र बाहेर पडले. लग्नाला फार दिवस झाले नव्हते, तरी ते इटलीला गेले होते. पुढे त्यांनी स्वित्झर्लंडमध्ये वर्षानुवर्षे पंथाचे काम केले, मग युटा गाठून १८६४ मध्ये तिथे दैनिक सुरू केले. यंग यांचे वर्चस्व धर्मापुरते नव्हते. व्यापार कोणाशी करायचा, दुकान कुठे थाटायचे, हेही तेच ठरवत. १८६९ मध्ये त्यांच्या सांगण्यावरून स्टेनहाउस यांनी आपले चालते दैनिक ऑग्डेन गावी हलवले आणि तिथे ते बुडाले. त्याच सुमारास विल्यम गॉडबी आणि इतर काही व्यापारी-लेखकांनी यंग यांच्या आर्थिक हुकूमशाहीविरुद्ध उघड लिहायला सुरुवात केली होती. त्यांना बहिष्कृत करण्यात आले. स्टेनहाउस याच बंडखोरांना जाऊन मिळाले. १८७३ मध्ये त्यांनी मॉर्मन पंथाचा मोठा टीकात्मक इतिहास प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी त्यांच्या पत्नी फॅनी यांचे आत्मकथन आले. नवरा परदेशी प्रचाराला गेल्यावर बायकोने सोसलेली उपासमार आणि बहुपत्नीत्वातले दुःख त्यात त्यांनी सविस्तर मांडले.

स्टेनहाउस दांपत्याची कथा बंडाची एक बाजू दाखवते. संस्थेवरचा विश्वास उडाला आणि त्याबरोबर पंथावरची श्रद्धाही गेली. पंथ आणि संस्था त्यांच्यासाठी एकच होती. एक सोडले की दुसरे हाती उरतच नव्हते.

नगरच्या मिशनमधले मतभेद

महाराष्ट्रात अमेरिकन प्रचारक १८१३ मध्ये आले. बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाने पाठवलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट त्या वर्षी मुंबईत उतरले. पुढे १८३१ मध्ये अहमदनगरला केंद्र सुरू झाले. अमेरिकन मराठी मिशनची ही शाखा शाळा, छापखाना आणि १८४२ मध्ये सुरू झालेले ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक यांमुळे मराठी समाजाच्या चांगल्याच परिचयाची झाली.

या मिशनमध्ये मतभेदाची परंपरा जुनीच होती. १८४८ मध्ये मुंबईत आलेले जॉर्ज बोवेन थोड्याच काळात या निष्कर्षाला पोहोचले की पगारदार साहेबाचा उपदेश गरीब माणसाच्या मनाला भिडणार नाही. त्यांनी बोर्डाचा पगार सोडला, देशी वस्तीत साध्या खोलीत बिऱ्हाड केले आणि शिकवण्या करून पोट भरले. ‘बॉम्बे गार्डियन’ हे पत्र त्यांनी अनेक वर्षे चालवले. १८८८ मध्ये मुंबईतच त्यांचा मृत्यू झाला. मधल्या चाळीस वर्षांत ते एकदाही मायदेशी गेले नाहीत.

दुसरे नाव डॉ. रॉबर्ट ॲलन ह्यूम यांचे. १८४७ मध्ये मुंबईत, मिशनरी घरातच जन्मलेल्या ह्यूम यांनी १८७८ मध्ये नगरला ईश्वरविज्ञान शिकवणारी शाळा काढली. १८८६ मध्ये सुट्टीवर अमेरिकेत गेले असता त्यांनी एका सभेत जाहीरपणे एक शक्यता मांडली. ज्यांच्या कानावर ख्रिस्ताचे नावही न पडता मृत्यू आला, त्यांना मृत्यूनंतर देव संधी देत असेल, असे त्यांचे म्हणणे होते. पिढ्यानपिढ्या सज्जनपणे जगून गेलेले आजूबाजूच्या माणसांचे पूर्वज सरसकट नरकात गेले, हे त्यांना पटत नव्हते. बोर्डातल्या कर्मठांना हे पाखंड वाटले आणि त्यांना हिंदुस्थानात परत पाठवायचे की नाही यावर बराच खल झाला. अखेर १८८७ मध्ये त्यांना परवानगी मिळाली. ह्यूम यांनी मत सोडले नाही आणि मिशनही सोडले नाही. टिळक पुढे ज्या नगरात आले, ते या ह्यूमसाहेबांचे नगर होते.

करजगाव ते नगर

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा, चित्पावन ब्राह्मण घरातला. आईला काव्याची गोडी होती. ती लवकर गेली आणि मुलगा घरातून बाहेर पडला. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृत शिकून घेतले. १८८० मध्ये जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी त्यांचे लग्न झाले आणि ती लक्ष्मी झाली. पुढची अनेक वर्षे या माणसाचा पाय एका गावात ठरला नाही. कुठे शिक्षकी, कुठे कीर्तन, कुठे ग्रंथसंपादन. डोक्यात सतत एकच विषय: जातिभेदाने पोखरलेल्या आपल्या देशाला उभे करील असा धर्म कोणता?

नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना एक युरोपियन गृहस्थ भेटले. संस्कृत काव्यावर गप्पा रंगल्या. उतरताना त्या गृहस्थांनी नव्या कराराची प्रत हाती दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. त्यांचे नाव टिळकांना शेवटपर्यंत कळले नाही. पुस्तक वाचताना ते डोंगरावरील प्रवचनापाशी थांबले आणि तिथून त्यांना पुढे जाववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो भारतीय पाळकाच्या हातूनच व्हावा, असा त्यांचा आग्रह होता. पुढच्या बंडाचे बीज या आग्रहात होते.

या निर्णयाची किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली. लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन त्या सुमारे पाच वर्षे नवऱ्यापासून दूर, नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. नवरा जिवंत, पण समाजाच्या लेखी मेलेला. पुढे त्या नगरला आल्या, तरी सोवळे सांभाळून वेगळ्या राहिल्या. हळूहळू, स्वतःच्या बुद्धीने विचार करत करत, त्यांनी जातीचा विटाळ टाकला आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी हे सारे सांगितले आहे. फॅनी स्टेनहाउस आणि लक्ष्मीबाई टिळक, दोघींनीही प्रचारक नवऱ्याच्या ध्यासाचा भार वाहिला आणि दोघींनीही तो लिहून ठेवला. फॅनींच्या लेखणीला संताप होता. लक्ष्मीबाईंनी नवऱ्याचा विक्षिप्तपणा, अविचार, उधळा दानशूरपणा यांतले काहीही लपवले नाही, आणि तरीही त्या पुस्तकाच्या पानापानातून त्यांची माया वाहते.

कीर्तनातून ख्रिस्त

नगरला टिळकांनी मिशनच्या शाळांत शिकवले, पुढे ते पाळक झाले आणि ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. त्यांचे सर्वांत मोठे काम मात्र उपासनेच्या भाषेत होते. तोवर मराठी मंडळी बऱ्याच प्रमाणात इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरित गीते गात. टिळकांनी शेकडो मूळ मराठी गीते रचली. ती अभंगाच्या, ओवीच्या, देशी रागांच्या चालीवर गाता येत. टाळ-मृदंग चर्चमध्ये आले, कीर्तन आले. ख्रिस्ताला ते माउली म्हणू लागले, गुरू म्हणू लागले. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांनी ओवीत लिहायला घेतले. दहा अध्याय झाले, अकरावा अपुरा राहिला आणि तिथून पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.

चालींचा हा बदल दिसतो त्याहून खोल होता. ख्रिस्ती झालेल्या माणसाने नाव, पोशाख, गाणे, रिवाज सारेच बदलावे अशी अपेक्षा उघड किंवा मूकपणे असे. त्यामुळे तो आपल्याच गावात परका होई. टिळकांना हे खुपत होते. त्यांच्या घरात दुष्काळात आणि प्लेगात अनाथ झालेली मुले होती, येणारे-जाणारे कवी होते. बालकवी ठोंबरे त्या घरात राहिले ते हिंदू म्हणूनच. जेवायला बसताना किंवा कवितेवर बोलताना तिथे बाप्तिस्म्याची चौकशी होत नसे.

१९१७

मिशनच्या कारभारात तेव्हा दोन थर होते. एका थरात परदेशी मिशनरी, दुसऱ्यात मिशनचे देशी नोकर. उपदेशक, शिक्षक, बायबल वाचून दाखवणाऱ्या स्त्रिया, पाळक यांपैकी बहुतेकांचा पगार बोस्टनहून येणाऱ्या पैशांतून होई आणि तो ठरवणाऱ्यांत त्यांचा आवाज फारच क्षीण असे. मिशनरी मनाने कितीही चांगला असला, तरी नाते मालक-नोकराचे होऊन बसे. ही कुरकुर एका गावाची नव्हती. १९१० मध्ये एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत तमिळ पाळक व्ही. एस. अझरिया यांनी पाश्चात्त्य मिशनऱ्यांना भर सभेत सुनावले की तुम्ही आम्हांला दाने दिलीत, आता मैत्री द्या.

टिळकांनी या प्रश्नाला स्वतःच्या देहाने उत्तर दिले. सप्टेंबर १९१७ मध्ये, वयाच्या ५५ व्या वर्षी, त्यांनी आपण ख्रिस्ती संन्यासी झाल्याचे जाहीर केले. मिशनची नोकरी आणि पगार सोडून ते साताऱ्यात राहिले आणि तिथे ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. संन्यास घेऊनही त्यांनी बायकोला टाकले नाही. लक्ष्मीबाई सोबतच होत्या. भगवे वस्त्र, भजन, कीर्तन आणि लोकांत मिसळणे, एवढीच साधने होती.

दरबारची कल्पना त्या काळी धक्कादायक होती. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एका बंधुसंघात येऊ शकतील, असे टिळकांनी जाहीर केले. मिशनच्या हिशेबात बाप्तिस्मा हीच धर्मात येण्याची रेषा होती. वर्षाअखेर बोर्डाला पाठवायच्या अहवालात बाप्तिस्म्यांचा आकडा असे आणि त्या आकड्यावर अमेरिकेतल्या मंडळ्या वर्गणी देत. टिळकांनी त्या रेषेवर बोट ठेवले. जो माणूस ख्रिस्तावर प्रेम करतो, पण जात, घर आणि आईबाप यांच्यापासून तुटायला तयार नाही, त्याला आपण बाहेर का ठेवतो? त्यांच्या स्वतःच्या बाप्तिस्म्याने एक घर पाच वर्षे मोडून पडले होते. हा प्रश्न विचारण्याचा अधिकार त्यांच्याइतका दुसऱ्या कोणाला होता?

मिशनमधल्या अनेकांना हे पटले नाही. बाप्तिस्म्याशिवाय मंडळी कशी, शिस्त कोण राखणार, या शंका रास्त होत्या. तरी टिळकांना कोणी बहिष्कृत केले नाही. बोवेन आणि ह्यूम यांना सांभाळून घेतलेल्या मिशनने त्यांच्याशी स्नेह राखला. युटात जे घडले त्याहून हे फार वेगळे होते आणि त्याचे श्रेय त्या मिशनला द्यायलाच हवे.

दरबाराला वेळ मात्र मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात टिळकांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचे दफन न करता दहन करण्यात आले. ख्रिस्ती पाळकाची चिता ही तेव्हा फार मोठी गोष्ट होती.

पुढे काय झाले

टिळकांच्या मागे दरबार टिकला नाही, पण विचार टिकला. नगर भागात काम केलेले इंग्रज मिशनरी जे. सी. विन्स्लो यांनी १९२३ मध्ये टिळकांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. त्याआधी वर्षभर त्यांनी ख्रिस्त सेवा संघ स्थापला होता. हा संघ पुढे पुण्याला आला. भारतीय आणि युरोपियन माणसे तिथे खादी घालून, जमिनीवर बसून, एका पंगतीत जेवत. १९२७ मध्ये ऑक्सफर्डचा पदवीधर व्हेरिअर एल्विन याच संघात दाखल झाला. गांधीजींच्या सहवासाने तो बदलला आणि वरिष्ठांशी त्याचे खटके उडाले. १९३२ मध्ये मराठी सहकारी शामराव हिवाळे यांच्यासोबत तो मंडला भागातल्या गोंडांमध्ये जाऊन राहिला. १९३५ मध्ये त्याने चर्चच सोडले. प्रचाराला आलेला माणूस आदिवासींच्या संस्कृतीचा अभ्यासक झाला, १९५४ मध्ये भारताचा नागरिक झाला, आणि १९६१ मध्ये त्याला पद्मभूषण मिळाले.

आता हे बंडखोर शेजारी शेजारी ठेवून पाहू. स्टेनहाउस संस्थेबरोबर पंथालाही मुकले. एल्विनने चर्च सोडले आणि मानवशास्त्रात नवे घर शोधले. ह्यूम आत राहून भांडले. टिळकांनी पगार, हुद्दा आणि सुरक्षितता सोडली, पण ज्याच्यासाठी वयाच्या तेहतिसाव्या वर्षी सारे गमावले होते, त्या ख्रिस्ताला क्षणभरही सोडले नाही. हे त्यांना जमले याचे कारण, माझ्या मते, त्यांच्या पायाखाली मिशनखेरीज दुसरी जमीन होती. मिशन नसते तरी अभंग होता, कीर्तन होते, पगाराविना देवाचे नाव घेत गावोगाव फिरण्याची वारकऱ्यांची शतकानुशतकांची रीत होती. या मराठी परंपरेने ख्रिस्ती संन्याशालाही उभे राहायला जागा दिली. दरबार स्थापताना त्यांना काही परके उभारावे लागले नाही.

म्हणून टिळकांचे बंड केवळ ख्रिस्ती समाजापुरते नाही. आश्रम असो, पक्ष असो, चळवळ असो, दुसऱ्याच्या वतीने बोलणाऱ्या प्रत्येकावर कधीतरी ही वेळ येते. त्या वेळी मंडळापलीकडे आपल्याजवळ स्वतःची भाषा आणि स्वतःची माणसे आहेत की नाहीत, यावर बरेच अवलंबून असते. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांचा कारभार पुढे मराठी माणसांच्या हाती आला. १९७० मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तिच्यात नगरच्या परंपरेतल्या मंडळ्याही होत्या. बोस्टनच्या पगाराची गरज संपली. टिळकांची गीते मात्र त्या मंडळ्या दर रविवारी गातात. जे एकट्याने १९१७ मध्ये मागितले होते, त्यातले बरेचसे आज तिथे इतके रुजले आहे की त्यासाठी कोणाला कधी मिशन सोडावे लागले होते, हे मुद्दाम सांगावे लागते.